एकोणतीस नंबरचा तुकडा

तळघरातून आवाज येतो, बारीक,
बर्फावर स्केट ओढल्यासारखा.
म्हणजे ओरेस्टने काच घेतली हातात.
मी वर पीठ मळता मळता थांबते:
आता मोडेल. टक्.
नीट मोडली असावी,
शिवी ऐकू आली नाही.

काच कापत नाहीत, तो सांगतो,
तिला फक्त रेघ दाखवायची,
मग दोन्ही अंगठे आणि मन घट्ट.
बाकी तिचं ती ठरवते.
सव्वीस वर्षं हा माणूस धान्याच्या एलेव्हेटरवर
वजनकाट्याशी उभा होता,
ओंजळभर गव्हावरून ट्रकभराची ओल सांगायचा.
आता त्या ओंजळीला चिकटपट्ट्या, रोज नव्या,
आणि माझ्या मोज्यांत काचेची कुसळं.

गुरुवारी कर्लिंगच्या हॉलमध्ये शिकवणी.
युनिस टॅटरिन शिकवते, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.
बायका हमिंगबर्ड करतात, लिलीची फुलं.
एकीने आपला गेलेला कुत्रा केला, हुबेहूब,
फक्त निळा, कारण निळीच काच उरली होती.
ओरेस्टने पहिल्याच दिवशी खाकी कागदावर
पट्टी धरून एलेव्हेटर काढला.
ऑक्टोबरात पाडला तोच.
एक सकाळ पुरली पाडायला.
कबुतरं मात्र तीन दिवस
छप्पर होतं त्या उंचीवर घिरट्या घालत राहिली.

अठ्ठावन्न तुकडे. प्रत्येकाला नंबर,
प्रत्येकावर बाण,
रंगाचा ओघ कुठून कुठे ते चुकू नये म्हणून.
नमुना कापायची कात्री तीन पात्यांची:
दोन तुकड्यांमधली एक चिंधी उडवून टाकते,
तेवढी जागा शिशाची.
ती सोडली नाही, तर शेवटी काहीच बसत नाही.
"हे तुला लग्नाआधी कुणी शिकवायला हवं होतं," मी म्हटलं.
तो हसला नाही. हसला असेल, तोंडाला मास्क होता.

गव्हासाठी ओपल काच, दुधात मध सांडल्यासारखी.
आभाळाला तीन निळे, त्यांतला एक बुडबुड्यांचा.
अडलं एकोणतीसवर. एलेव्हेटरचं अंग.
तो लाल मिळेना.
मिनियापोलिसहून नमुन्यांची पेटी आली:
किरमिजी, डाळिंबी, चेरी, एकाहून एक नटव्या.
आमचा लाल असा नव्हता,
उन्हाने खाल्लेला, खिळ्यांखाली गंजलेला,
संध्याकाळी पाच मिनिटं मात्र पेटायचा.
भावाने रेल्वेच्या जुन्या कंदिलाची काच दिली.
ती वाकडी. सपाट व्हायचं नाकारून
चार तुकडे झाली.
या वेळी शिवी आली ऐकू,
युक्रेनियनमधली, त्याच्या बाबांची.

मग तीन आठवडे तळघर गप्प.

परवा डाखाचा वास वर आला,
कथील वितळल्याचा, घसा धरणाऱ्या फ्लक्सचा.
मी उणे एकतीसमध्ये खिडकी उघडली
आणि काही बोलले नाही.

स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीत
त्याने ते साखळीने टांगलं.
गहू पिवळा. आभाळ तिन्ही निळ्यांत.
मधोमध एकोणतीस:
साधी काच. हार्डवेअरच्या दुकानातली, बिनरंगी.
"आणि लाल?"
"डावीकडे सरक," तो म्हणाला. "अजून.
आता टाचा उचल."

उचलल्या.
एलेव्हेटरच्या आकारात
एलेव्हेटर नसणं बरोब्बर बसलं:
रुळांचा बांध, काट्याखालचं उघडं काँक्रीट,
वर खरं आभाळ, धुतलेल्या फडक्याच्या रंगाचं.
कुणाची तरी पिकअप उजव्या कडेने आत शिरली,
शिशाच्या रेघेमागे क्षणभर हरवली,
गव्हातून पिवळी होऊन निघून गेली.

उंची त्याने स्वतःच्या डोळ्यांची धरलीय.
मला रोज टाचा उचलाव्या लागतात.
खालच्या कोपऱ्यात एक तडा आहे,
त्यावर त्याने शिशाची खोटी रेघ ओढलीय,
युनिसला दिसेलच.
काल तोल सावरताना
माझा पिठाचा हात एकोणतीसवर टेकला.
पुसायला गेले, तर म्हणाला,
राहू दे,
तिथे असायचीच धूळ.