फुलीगोळा

माझी आई, हेडविग कालुझा,
साठ वर्षं एकाच घरात राहिली.
कालव्याकाठची खाणकामगारांची वसाहत, दार सातवं.
आणि राहिली चार मतदारसंघांत.

सामान एकदाही बांधलं नाही.
रेघच सरकत आली
शेजारच्या मांजरासारखी, विचारल्याशिवाय,
कधी कालव्याच्या अलीकडे,
कधी ट्रामच्या रुळांवरून पलीकडे.
पासष्ट साली आम्ही ‘शहर दोन’ होतो त्याचे ‘शहर उत्तर’ झालो.
आकडाही बदलला.
आई म्हणाली, बटाट्याचा भाव तोच आहे ना?

मला आठवतं ते एकसष्ट सालचं.
मतदान पबच्या मागच्या खोलीत,
जिथे एरवी लाकडी गडी उभे करून
चेंडू घरंगळत सोडायचे.
बाबा रात्रपाळीवरून थेट आलेले.
हात धुतलेले, पण नखांच्या कडेला
खाण तशीच.
मतपत्रिकेवर अंगठा उमटला.
आई कुजबुजली, ब्रूनो, बाद होईल.
होऊ दे, बाबा म्हणाले,
कोळशाचंही एक मत असू दे.

आमच्याकडे मत म्हणजे गोळ्यात फुली.
मी सहा वर्षांची. मला वाटलं,
मोठी माणसं खेळतायत.
कुणाला दिलंस? मी आईला विचारलं.
ती म्हणाली, गोळ्याला.
मरेपर्यंत हेच उत्तर.

पुढे मी मोजणी खात्यात लागले.
हुकूम बॉनहून यायचा, शाई आमची.
ऐंशी साली मीच ओढली ती रेघ,
आमच्याच रस्त्याच्या मधोमध,
डावी बाजू उत्तरेत, उजवी पूर्वेत.
हात थरथरला नाही, खोटं कशाला बोलू.
संध्याकाळी घरी गेले तर आई
रस्ता ओलांडून ग्रोटेबाईंकडे
साखर मागायला चालली होती.
म्हटलं, आई, तू परमुलखात चाललीस.
ती म्हणाली, वाटी दे इकडे.

खाण मिटली. दिवे गेले, मग दुकानं.
पण घरं भरलेली होती, हे मी शपथेवर सांगते.
वरच्या मजल्यावर ओझदाल कुटुंब, सहा माणसं,
कोपऱ्यावर दोन भाऊ इझ्मिरचे,
जिन्यात कायम कुणाची तरी सायकल.
कागदावर मात्र रस्ता ओस.
मतदारसंघाच्या मापात
फक्त नागरिकांची डोकी धरायची,
असा नियम, आणि नियम मी पाळला.
माणसं कमी पडली म्हणून
दोन हजार दोनला आम्हाला
पलीकडच्या बागाबंगल्यांना जोडून टाकलं.

त्याच साली ओझदाल पहिल्यांदा मत द्यायला आले.
बाबांबरोबर जमिनीखाली नऊशे मीटरवर
अकरा वर्षं खोदलेला माणूस.
सूट घातलेला. पेन्सिल दोरीला बांधलेली पाहून म्हणाले,
अजून विश्वास नाही वाटतं?
मग पडद्याआड इतका वेळ राहिले
की रांग खाकरू लागली.

आई गेली दोन हजार नऊच्या मार्चमध्ये.
सप्टेंबरचं तिचं मतदार पत्र आलं नाही.
यादी चोख होती. मी तपासली.

परवाच्या फेब्रुवारीत शाळेच्या व्यायामशाळेत
मी मोजणीला बसले, सत्तरीची, दोन चष्मे घेऊन.
शेजारी सेलीन, ओझदालांची नात.
फ्राउके टिल्नर सहाशे चार मतांनी पहिल्या आल्या.
फुलं आली, फोटो निघाले.
आणि सकाळी कळलं, त्या जाणार नाहीत.
नवा कायदा: पक्षाचा टक्का पुरला नाही
तर पहिला आलेलाही घरीच.
जिंकलं कोण? टिल्नर.
बसणार कोण? कुणी नाही.

सेलीनने मला दोनदा समजावून सांगायला लावलं.
मग म्हणाली, आमच्या जिन्यातल्या गळतीचं पत्र
आता मी कुणाला लिहू?
मी तोंड उघडलं
आणि आईचंच उत्तर ओठांवर आलं.
गिळलं.

सामान आवरायला गाडी उशिरा येणार होती.
तिने उरलेल्या नमुना मतपत्रिकेच्या पाठीवर
चार रेघा ओढल्या, दोन उभ्या दोन आडव्या,
पेन्सिल माझ्या हातात दिली.
फुली तुमची, म्हणाली.
तीन डाव झाले.
तिन्ही मी हरले.