स्वयंपाकघर वेगळे आहे काय?

प्रकाशाच्या खूप खाली, तापी जिथं नदी राहत नाही
आणि धरणाचा फुगवटा होते,
तिथं मी हिलाल वाडिलेच्या नावेवर चढलो,
चपला हातात, फॉर्म पिशवीत.
मे महिना, सकाळचे आठ.
एरवी मी भूगोल शिकवतो. सुट्टीत माणसं मोजतो.

घर क्रमांक?
केवळबाईंनी घमेल्यातली वाळू सारखी केली,
वाळूवर तीन दगड, दगडांत पऱ्हाटीच्या काड्या,
वीतभर, एकाच मापाच्या.
"नंबर नही भाऊ. रंग शे."
निळा, असं मी लिहिलं. मग खोडलं.

मुख्य इंधन? संकेतांक एक ते नऊ.
काठावरच्या सालदाराला अर्धा किलो मासळी दिली
की महिन्याची मोळी मिळते.
याला कोणता आकडा?
भाकर फुगली तशी तिनं जळती काडी ओढून
वाळूत खुपसली,
आणि विझलेलं टोक परत गठ्ठ्यात ठेवलं,
रातच्या चहासाठी.
मला खडूचे तुकडे आठवले,
मी रोज खिडकीबाहेर टाकतो ते.

पिण्याचे पाणी?
तिनं नुसता हात फिरवला, या काठापासून त्या काठापर्यंत.
मग माठावरचं फडकं उचललं:
शेवग्याच्या बिया कुटून टाकलेल्या,
गाळ तळाशी, वर माझा चेहरा.

शिडाला रकानाच नव्हता.
साखरेची पोती, दोन धोतरं, निवडणुकीचा एक बॅनर,
त्यावरचे जोडलेले हात तेवढे उरलेत,
चेहरा टाक्यांखाली गेला.
वारा पडला की तेच शीड टपावर आडवं पसरतात
आणि त्यावर बिबडे वाळत घालतात.
म्हणून त्याच्यावर गोल गोल डाग,
ओळीनं, जुन्या-नव्या उन्हाळ्यांचे.

इंजिन?
"व्हतं," हिलाल जाळं सांधता सांधता म्हणाला.
"मासा पळे. पैसा बी पळे."

रकाना चौदा. स्वयंपाकघर वेगळे आहे काय? होय, नाही.
घमेल्यापासून अंथरूण हातभर, जाळं त्याहून जवळ,
फुटक्या मडक्यात कोथिंबीर,
डब्यात राख, काठावरच्या वांग्यांसाठी जपलेली.
नाव कलली की केवळबाई तव्याकडे बघत नव्हत्या,
गुडघ्यानं घमेलं तेवढंच उलट कलवत होत्या.
मी पेन्सिल धरून बसलो.

वर पाहिलं तर काठच बदललेला.
"हे कोणतं गाव?"
"हाई गुजरातमा शे."
माझ्या सहीला इथं काही अर्थ नव्हता.
दचकून उठलो, नाव हलली,
फॉर्म तळाच्या पाण्यात.

"आते?"
"जावाले पानी, येवाले वारा," हिलाल म्हणाला.
"वारा दुपारले येस. जेवी ल्या."

केवळबाईंनी फॉर्म उचलला, निथळला,
आणि शिडावर दोन बिबड्यांच्या मधे पसरला,
वर एक दगड.

कळण्याची भाकर, लसणाची चटणी, माशाचं पातळ कालवण,
सगळं त्या एवढ्याशा जाळावर.
काटे मी पाण्यात टाकणार, तोच तिनं तळवा पुढे केला.
"आठे द्या." खेकड्यांच्या टोपलीसाठी.
ताट तिनं अर्ध्या तांब्यात धुतलं
आणि ते पाणी कोथिंबिरीला.

तीनच्या सुमारास मान गार झाली.
हिलालनं बिबडे गोळा केले, दोर ओढला,
ते जोडलेले हात आभाळात चढले
आणि आम्ही पूर्वेला निघालो, आवाज न करता.
कुणीच काही बोललं नाही.
मला वाटतं मला झोप लागली.

सोमवारी शहाद्याला फॉर्म जमा केला.
रकाना चौदा कोरा बघून साहेब रागावले,
मग कागद नाकाजवळ नेला,
परत नेला.
"गुरुजी, याला जिऱ्याचा वास कसा?"