खडेबाजार, पायी

दोन महिने झाले, संध्याकाळी पाच ते नऊ
खडेबाजारात चाक नाही.
तोंडाशी लोखंडाचे पाच खुंट रोवलेत,
गुडघ्याएवढे, पिवळे. त्यांच्याशी भांडून झालं.
युनियनचा अर्ज दिला, तो साहेबाच्या टेबलावर
पेपरवेटखाली पंख्याला फडफडतोय.

मी भरमाणी सांबरेकर. रिक्षा, सव्वीस वर्षं.
ह्या रस्त्याचा खड्डा न खड्डा
माझ्या कमरेला तोंडपाठ.
पण चालत?
चालत इथं शेवटचा आलो तो
लग्नाच्या बस्त्याला, सासऱ्याच्या मागं मागं.

काल पॅसेंजर नव्हतं. गाडी खुंटापाशी लावली,
किल्ली खिशात टाकली, म्हटलं बघूया तरी
काय एवढं मोठं केलंय म्हणतात.

पहिलं कळलं ते हे, की रस्ता चढाचा आहे.
सव्वीस वर्षं तो चढ इंजिनानं खाल्ला,
मला सांगितलाच नाही.
पोटऱ्यांनी सांगितला, शंभर पावलांत.

मग वर बघितलं. हँडल हातात असलं की
माणूस पुढच्याच्या मडगार्डावर जगतो.
पाट्यांच्या वर (कन्नड मोठं, इंग्रजी मधलं,
मराठी जिथं उरलंय तिथं बोटाएवढं)
त्यांच्याही वर माळे आहेत!
लाकडी कठड्यावर वाळत घातलेली लुगडी,
चुन्यात कोरलेलं साल, कबुतरांनी अर्धं पुसलेलं,
आणि एका खिडकीत म्हातारा.
त्यानं हात केला. ओळख ना पाळख.
मीही केला.

"काय बघालास वर? खाली बघ," इमामहुसेन ओरडला,
तोवर फरशी डुगडुगली, पँटीवर पिचकारी.
नवी फरशी. त्याखाली जुनंच पाणी.
इमामहुसेनचं पंक्चरचं दुकान, आता संध्याकाळी
गिऱ्हाईक कुठनं येणार? पंपावर फडकं टाकून बसतो.
समोरच्या बांगडीवालीचा धंदा मात्र दुप्पट.
बायका आता हात पुढं करून निवांत उभ्या राहतात,
आधी हॉर्न वाजला की
अर्ध्या भरलेल्या मनगटानं बाजूला पळायच्या.
त्यातले निम्मे हॉर्न माझे.

अर्ध्या वाटेत गंगव्वा.
दुकानाच्या पायरीवर, दोन पिशव्या, एक सुजलेला पाय.
माझी दर शनिवारची सवारी, पार दारापर्यंत.
मला बघून आधी खुंटांना शिव्या,
मग सरकारला, मग मला,
सगळ्या कन्नडात; मी मराठीत मान हलवली.
पिशव्या उचलल्या. एकीत जोंधळा, एकीत वांगी.

मीटर नाही, गिअर नाही. तिचा हात माझ्या कोपराला.
"सावकाश, तम्मा," ती म्हणाली.
"सावकाश," मी म्हणालो.
हा शब्द कुणाच्या घरचा
ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

दीड मिनिटाचा रस्ता, पंचवीस मिनिटं लागली.
तीनदा बसली. एकदा पाणी, एकदा बांगडीवालीकडं चौकशी,
एकदा उगीच.
नवीन बाक एकच, त्यावर पोरं मोबाईल घेऊन;
उठली, पण सांगावं लागलं.
साहेबाला भेटलो तर आता खुंटांचं नाही बोलणार,
बाकांचं बोलेन.
खुंटांचंही बोलेन, पण नंतर.

तिच्या दारात तिनं पदराची गाठ सोडली,
तीस रुपये काढले, शनिवारचा रेट.
म्हटलं, कशाचे?
ती म्हणाली, चाललास की.
घेतले.

परत येताना उतार होता.
गाडीपाशी आलो तर मागच्या सीटवर
कुणाचंतरी तांबडं कुत्रं झोपलेलं, तोंड शेपटीत.
नऊ वाजायला अवकाश होता.
झोपू दिलं.