दीड मीटर

व्हिटबीतल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात
ऑर्मरॉडनं तीन लेन्स काढून ठेवल्या.
माझा हात आपसूक लांबटीकडे.
दारातून रोखली,
तर पलीकडच्या धक्क्यावरचा सीगल
थेट नाकासमोर: चोचीवरचा लाल ठिपका,
चोरलेल्या चिप्सचं मीठसुद्धा.

"घेतो," म्हणालो
आणि सहज वळलो शर्वाणीकडे.
नुसतं धुकं. मरून, लोकरीचं.
रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पिळली.

"दीड मीटरच्या आतलं तिला दिसत नाही,"
ऑर्मरॉड म्हणाला, पावती लिहिता लिहिता.

शर्वाणी मुकाट दोन पावलं मागे सरली,
ट्रायपॉडांच्या गर्दीत अंग चोरून.
हनुवटीवरचा तीळ लख्ख उमटला,
इतक्या वर्षांत
डावीकडे कधी गेला कोण जाणे.
"आता दिसतेय?"

तशीच थांब म्हणणार होतो.
पस्तीसची किंमत विचारली.