तीन मिनिटं

बिबवेवाडीत, टायरच्या दुकानावरच्या जिममध्ये
पतसंस्थेनं भेट दिलेलं घड्याळ आहे.
त्याचा सेल उतरलाय. सेकंदकाटा
सहापासून वर चढायला लागला की
नऊपाशी येऊन थरथरतो,
चार-पाच झटके देतो
आणि मग एकदम सुटतो.
त्यामुळे आमच्याकडचं मिनिट
कधी सत्तर सेकंदांचं, कधी नव्वदचं.
श्रावस्ती म्हणते, मॅडम, मोबाईलवर वेळ लावा.
मी लावत नाही.

वय सत्तेचाळीस.
डॉक्टरांनी आलेखावर पेन टेकवून सांगितलं,
हाडं विरळ होत चाललीत, वजन उचला.
उचलत तर आलेच होते:
गॅसची टाकी, झोपलेलं मूल,
लिफ्ट बंद असताना पाचव्या मजल्यापर्यंत दळण.
पण त्याचे सेट नव्हते,
आणि दोन्हींच्या मधे थांबायचं असतं
हे कुणी बोललंच नाही.

इथे थांबायचं असतं.
दंडाला एक मिनिट, फार तर दीड.
स्क्वॉटला तीन. जड असेल तर पाच.
पहिल्या आठवड्यात लाजच वाटायची
बाकावर नुसतं बसायची.
मी उठून कुणाच्या प्लेटा जागेवर लावायचे,
कुणाच्या नॅपकिनची घडी घालायचे.
श्रावस्ती, माझ्या भाचीच्या वयाची,
तिनं मनगट धरून खाली बसवलं.
"श्वास आधी नाकात येऊ द्या.
घाई केलीत तर तिसऱ्या सेटला
पाय खोटं बोलायला लागतात."
आरशावर नवनाथनं मार्करनं लिहिलंय:
विश्रांती घ्यावी. मुक्काम करू नये.

जिन्यापाशी फीच्या वहीवर
नवनाथचे वडील बसतात, लहानूअण्णा.
मार्केट यार्डात चौतीस वर्षं हमाली.
मानेच्या मागे, जरा डावीकडे,
लिंबाएवढी गाठ, घासून गुळगुळीत.
एकदा विचारलं,
अण्णा, दोन पोत्यांच्या मधे किती थांबायचात?
"थांबायचो कुठं? थांबलं की पाठ धरती.
ट्रकपास्नं थप्पीपर्यंत भरलेलं जायचं,
थप्पीपास्नं ट्रकपर्यंत मोकळं यायचं.
मोकळं येताना जे काय ते."
पावती फाडता फाडता पुढं म्हणाले,
"नवी पोरं येतानाबी पळायची.
त्यांना सांगायचो, जाताना तू मालाचा,
येताना तुझा तू.
तेवढ्यात काय बघायचं ते बघून घे."
काय बघायचात, असं विचारायचं राहिलं.
त्यांच्याकडे सुटे नव्हते.
माझे वीस रुपये अजून वहीत आहेत.

आज पंचेचाळीस किलो लावलेत.
पहिला सेट, पाच.
बार रॅकवर आदळला, खालच्या दुकानात ऐकू गेला असेल.
मी बसले नाही.

रॅकपासून खिडकी अकरा पावलं.
खाली टायरवाल्याचा पोरगा
ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा शोधतोय.
कांद्याचा टेम्पो मार्केट यार्डाकडे वळताना अडकलाय,
मागच्या पोत्यावर एकजण
तोंडावर गमछा टाकून गाढ झोपलाय.
हॉर्न वाजताहेत, त्याला पत्ता नाही.
पोराला बुडबुडा सापडला.
तिथे त्यानं थुंकी लावून खूण केली.

परत अकरा पावलं.
हात मोकळे. खांद्यांवर काही नाही,
तरी खांद्यांना बार आठवतोय,
चष्मा काढल्यावरही
नाकाला आठवतो तसा.
श्वास नाकात आलाय.
घरी आज कुणी कणीक भिजवली असेल का,
हा विचार सहाव्या पावलाला आला,
आणि सातव्याला, खरं सांगते, गेला.

दुसरा सेट. पाच.
शेवटच्याला गुडघे आत वळले,
श्रावस्ती ओरडली, बाहेर, बाहेर!
उठले.

पुन्हा खिडकी. टेम्पो गेलेला.
पुन्हा रॅक.
मी बारखाली अजून शिरत नाही हे बघून
ती घड्याळाकडे बोट दाखवते:
झाली की मॅडम तीन मिनिटं!
काटा नऊपाशी अडकलाय, थरथरतोय.

थांब गं, म्हटलं.
त्याला वर येऊ दे.