दहापैकी किती

मे महिन्यात रात्री दीड वाजता
बेझनबागेत ऑटो मिळतो,
फक्त ऑटोवाल्याला आधी सांगायचं नसतं
की पेशंट ओरडतो.
अश्वजितनं माझ्या ओढणीचं टोक दातांत धरलं होतं.
दिवसभर लोकांच्या गच्च्यांवर कूलर बसवत फिरला,
ताट्या भिजवल्या, टाक्या भरल्या,
स्वतः पाणी प्यायचं विसरला.
रक्त विसरत नाही.

डॉक्टर नवा होता, अश्वजितच्याच वयाचा.
"दहापैकी किती दुखतं?"
"हाडं कोनी खलबत्त्यात कुटून राह्यलं, साहेब."
त्यानं लिहिलं: आठ.
मग वर आडनाव वाचलं.
पेन थांबलं.
"मागच्या महिन्यातही आला होतास ना?
तुम्हा लोकांत हे असतंच.
पण इंजेक्शनची सवय वाईट."
आणि आठ खोडून त्यानं पाच केला.

तुम्हा लोकांत.
एवढ्याशा जागेत आमचं उत्तर नागपूर मावतं,
गोळीबार चौकातले हलबा कोष्टी मावतात,
देवलापारपलीकडच्या गोंडांच्या टोल्या मावतात.
शेजारच्या खाटेवर एक मुतखडा आला होता.
त्याला दहा मिनिटांत सलाईन लागलं.
त्याला आकडा कुणी विचारला नाही.
मुतखडा कुणालाही होतो,
म्हणून तो खरा.

आई उमरेडकडे धान कापायची.
आमच्या रक्तातली पेशी
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवली,
तेव्हा ती कागद फिरवून फिरवून बघत राहिली.
"हा त इळा हाय.
पन याले मूठ कुठं हाय बाई?
धराव कुठून?"
बाई म्हणाल्या, हिवतापाच्या दिवसांत
याच रक्तानं तुमचे पूर्वज तगले.
असेल.
मला हजारो वर्षांचं नका सांगू,
मला सव्वातीनचं सांगा.

सव्वातीनला ड्यूटीवर उईके सिस्टर आल्या.
केसपेपर वाचला. भांडल्या नाहीत.
पाचाखाली लिहिलं:
'हाडं खलबत्त्यात कुटल्यासारखी. रुग्णाचे शब्द.'
मग वरच्या डॉक्टरांना फोन लावला
आणि ते हो म्हणेपर्यंत कानाला धरून ठेवला.
औषध नसेत शिरलं तेव्हा तीन बेचाळीस.
अश्वजितच्या तोंडातून ओढणी सुटली.
टोक चिंधी झालं होतं.

मग त्यांनी पर्समधून एक दोनशेपानी वही काढली.
आल्याची वेळ. सुई टोचल्याची वेळ.
दुखणं. आडनाव.
चार रकाने, बॉलपेनानं आखलेले, थोडे वाकडे.
"कोणासाठी लिहून राह्यल्या, सिस्टर?"
"माहाही पोरगा हाय या वहीत," त्या म्हणाल्या,
आणि पान उलटलं.

अकरा महिने ती वही भरत गेली.
मग मोठ्या टेबलावर गेली.
तिथे काय बोलणं झालं मला ठाऊक नाही.
एवढं ठाऊक आहे की बैठक दोनदा रद्द झाली,
आणि तिसऱ्यांदा कुणीतरी रकान्यांची बेरीज केली.

यंदाच्या मेमध्ये आम्ही पुन्हा गेलो.
केस नोंदवायच्या खिडकीपाशी माठ होता, वरती कागद:
सिकलसेलच्या रुग्णानं रांगेत उभं राहू नये.
खाली कुणीतरी पान थुंकलं होतं.
डॉक्टर तोच.
केसपेपर उलटा ठेवून म्हणाला,
"कसं दुखतं, सांग."
अश्वजित शब्द शोधायला लागला.
इतकी वर्षं त्याला कुणी शोधू दिला नव्हता.
शब्द सापडायच्या आत सुई टोचली गेली.

बावीस मिनिटं. मी मोजली.

कॅप्सूलची खिडकी मात्र अजून तशीच.
साठा संपला, सोमवारी या.
सोमवारी गेलं की गुरुवारी.
अश्वजितची एक दिवसाची मजुरी प्रत्येक खेपेला.

परत येताना इंदोरा चौकात
ऑटो थांबवून मी वही घेतली.
रकाने आखायला पट्टी नव्हती,
केसपेपरची कड वापरली.