झडप

येऊरला शेकोटी कशाला, असं सगळेच विचारतात.
खाली ठाण्यात जानेवारीतही पंखा लागतो.
पण इथे वर पहाटे पत्र्यावरून दव टपटपतं
आणि माझे गुडघे साठीचे.
म्हणून रबाळ्याच्या एका शेडमध्ये
पोलादी शेगडी करून घेतली,
काचेचं दार, वर सहा इंची नळी.
टेम्पोवाल्याने विचारलं, मॅडम, हॉटेल काढताय?

बसवायची होती दिवाणखान्याच्या त्या भिंतीत,
जिथे चौऱ्याहत्तर साली
बाबांनी स्वतः विटा रचल्या होत्या.
गवंडी बोलावला नव्हता. थर वाकडे आहेत,
गिलावा मात्र आरशासारखा.

बारक्या वरठाने घण आणलाच नाही.
छिन्नी, हातोडी, एक जुना खराटा.
आधी भिंतीला कान लावला,
बोटाच्या पेराने ठोकत गेला,
हे पोकळ, हे भरीव,
आणि इथे, ताई, इथे कायतरी खोटं हाय.

वरच्या थरातली एकच वीट काढली
आणि आत बॅटरी मारून तो बराच वेळ गप्प.
कमानीला तडा गेलाय, म्हणाला.
वरचा सगळा भार उतरलाय या विटांवर.
बुजवायला घातल्या होत्या,
आता त्याच घर उचलून धरतायत.
घाई केली तर इथूनच आभाळ दिसंल.

मग दोन दिवस नुसते टेकू.
जॅक, सागाच्या फळ्या,
भिंतीतून आरपार घातलेल्या दोन लोखंडी सुया.
मी चहा करत राहिले.
तिसऱ्या दिवशी तुळई बसली,
तिच्यावरचं सिमेंट सुकेपर्यंत आठवडाभर
त्याने मला भिंतीजवळ खुर्चीसुद्धा ठेवू दिली नाही.

त्या रात्रीबद्दल आमच्याकडे कुणी बोललं नाही.
मला आठवतं ते इतकंच:
खिडक्यांच्या फटींत कोंबलेल्या चादरी,
सकाळी व्हरांड्यात मी, ओकत,
आणि आत बाबा आईच्या गालावर पाणी मारतायत,
जोरात, जरा जास्तच जोरात.
आई दुपारी उठली.
पुढे जन्मभर तिचं डोकं दुखत राहिलं
आणि ती म्हणायची, चष्म्याचा नंबर वाढला असेल.
बाबा म्हणायचे, लाकूड ओलं होतं.
चाळीस वर्षं आम्ही त्या लाकडाला नावं ठेवली.

विटा निघाल्या, एकेक, हाताने.
तोंडाला ओला पंचा बांधून बारक्याने
चार घमेली काजळी काढली,
पाकोळीचं वाळकं घरटं,
त्यात एक अंडं, कागदाहून हलकं.
आणि मग वर हात घालून म्हणाला,
ताई, इथे झडप हाय. बंद हाय.

गंजलेली, पण पुरती बंद.
साखळी वरच्या खिळ्याला ओढून तारेने बांधलेली,
माझा तेव्हा हात पोचला नसता,
आईचाही नाही.
ऊब धुराड्यातून वाया जाऊ नये म्हणून.
तारेचे पीळ उलटे, डावीकडे.
घरात डावखुरं माणूस एकच होतं.

मी स्टुलावर उभी राहून ते पीळ मोजले.
पाच.
बारक्या खाली स्टूल धरून होता,
त्याने काही विचारलं नाही.

नळी धुराड्याच्या टोकापर्यंत नेली,
सांधे दोरीने आणि मातीने बंद केले.
पेटवण्याआधी ओल्या गवताची मूठ जाळून पाहिली.
धूर आधी खोलीतच आला,
घुटमळला, आमच्या डोळ्यांत गेला,
मग एकाएकी वाट आठवल्यासारखा वर ओढला गेला.
बारक्याचा पोरगा कौलांवरून ओरडला,
आला, आला!

पहिल्या दिवशी तीनच काटक्या.
लेकाने पाठवलेला विषारी वायूचा डबा
कोपऱ्यात लाल डोळा मिचकावतो,
आणि खिडकी मी बोटभर उघडी ठेवते.
थंडी येते त्यातून. येऊ दे.

झडप भंगारात द्यायला निघाला होता बारक्या.
नको म्हटलं.
व्हरांड्यात दोन विटांवर आडवी टाकली आहे,
त्याच विटांतल्या दोन.
तिच्यावर मी ओलं लाकूड वाळत घालते.